सावरटोल्याचं शेवटचं बिऱ्हाड

"आणि नळ तर असा आहे बायांनो, तोटी फिरवली की पाणी अंगणात!"

एवढं बोलून मी कमरेवरची घागर खाली ठेवली आणि ढोलकीची वाट पाहत उभी राहिले. या वाक्यावर उरकुडाजी शाहीर थाप मारायचे आणि समोरच्या बायका हसायच्या. बाकीच्या सगळ्या गावांत हसल्या होत्या. सावरटोल्यात थाप पडली, पण हसायला माणसंच नव्हती. गुडीच्या ओट्यावर तीन-चार म्हातारे, सामान बांधून ट्रकची वाट बघत बसलेली दोन बिऱ्हाडं आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभी असलेली माझी सख्खी मोठी बहीण, कौतिकाताई. गुडी म्हणजे आमच्याकडचं देऊळ. त्यात देवही उरला नव्हता. त्याला आठवड्यापूर्वीच वाजतगाजत नव्या गावठाणात नेलं होतं.

पुढचं वाक्य घ्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ताई म्हणाली, "इंदू, तुह्या नव्या गावात मसनवट कोठी आहे वो?"

ती ओरडली नाही, चिडलीही नव्हती. बाजारात एखादीने भाव विचारावा तसं विचारलं तिने. नाटुकल्यात माझं नाव जमनाबाई होतं. जमनाबाईला शाळा, दवाखाना, डांबरी रस्ता, विजेचे खांब सगळं तोंडपाठ होतं. मसणवट्याविषयी मात्र तिला कोणी काही लिहून दिलं नव्हतं. मी उरकुडाजींकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईने शेवटचं गाणं उचललं आणि आमचा खेळ तिथेच आटोपला.

तेव्हा मी झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करायची. नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, त्याआधी आम्ही नटमंडळी रिकामीच. म्हणून धामणघाट धरणाच्या पुनर्वसन कार्यालयाने कलापथक काढलं, तेव्हा मी लगेच होकार दिला. बुडणाऱ्या गावांत जायचं, गाणी म्हणायची, नाटुकलं करायचं आणि नव्या गावठाणात राहायला जा म्हणून लोकांचं मन वळवायचं. पथक बांधलं होतं खानझोडे साहेबांनी. ते लोकसंपर्क अधिकारी. नागपूरचे, तिशीतले, गावात शिरताना जीप दूर लावून पायी येणारे. माणसं घर सोडतील पण देव सोडून जाणार नाहीत, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. त्यांनी नव्या गावठाणात आधी गुडी बांधून घेतली, भजनी मंडळाला नवी पेटी दिली, ताशेवाले बोलावले आणि देवाला मिरवत नेलं. देवामागून गाव निघालं. कोणी रडत, कोणी शिव्या देत, पण निघालं.

ताई तेवढी निघाली नाही. तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या ताराचंद भाऊजींनी, नव्या गावठाणात घर बांधून महिना झाला होता आणि ते तिकडे राहायलाही गेले होते. इतरांनी जुन्या घरांच्या छपराची कवेलू, वासे, दारं सगळं काढून नेलं. गाव कसं बोडकं, नुसत्या भिंतींचं झालं होतं. भाऊजींनी ताईच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून अर्धी कवेलू तशीच ठेवली होती.

आणि पाणी चढत होतं. पावसाळा सरला होता, आभाळ धुतल्यासारखं निळं, वर कडक ऊन. धरणाची दारं खाली टाकली होती एवढंच. पुरासारखं धावत येणारं पाणी असतं तर माणूस घाबरून पळाला तरी असता. हे पाणी आवाजच करत नव्हतं. सकाळी शेताच्या ज्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून दात घासावे, तो धुरा संध्याकाळी दिसायचा नाही. लोंबीवर आलेला धान उभाच्या उभा बुडत होता. बिळांतले उंदीर आणि साप निघून गावाकडे येत होते आणि रिकाम्या घरांच्या भिंतींवर एकमेकांशेजारी बसत होते.

खेळ आटोपल्यावर खानझोडे साहेबांनी मला बाजूला घेतलं. "इंदूताई, त्या तुमच्या सख्ख्या बहीण ना?"

"हो साहेब."

"परवा इथे पोलीस येणार आहेत. वरून आदेश आहे. टेकाडाचा रस्ता बुडाला की मग नावेशिवाय कोणाला काढता येणार नाही." ते ताईच्या घराकडे बघत म्हणाले, "एका बाईला चौघांनी उचलून गाडीत टाकायचं, हे मला बघायचं नाही हो. तुम्ही बोला त्यांच्याशी. काय हवं ते विचारा. माझ्या हातात असेल ते सगळं करतो."

मी ताईच्या घरी गेले. ती चुलीपाशी बसली होती. अर्ध्या घरात ऊन होतं, अर्ध्या घरात सावली.

"ताई, असं काहून करून रायली? भाऊजी तिकडे एकटेच हाये."

"त्याइले कोनं एकटं राहाले सांगतलं? त्याइनं अठी यावं."

"अठी पानी येऊन रायलं."

"म्हनूनच त मी बसली."

मला कळेना. मग तिने रेशमाचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत ते नाव तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

रेशमा तिची एकुलती एक. तीन वर्षांची असताना श्रावणात तापाने फणफणली. नाल्याला पूर, दवाखाना पलीकडे. ताईच्या मांडीवरच ती गेली. आमच्याकडे एवढ्या लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात, आणि बायकांनी तिकडे जायचं नसतं. गाव पुराच्या धांदलीत होतं, कोणाची गुरं वाहून गेली, कोणाची भिंत पडली. भाऊजी एकटेच तिला खांद्यावर घेऊन गेले. रात्री परत आले तेव्हा ताई दारात उभी होती. "कोठी ठेवलं?" तिने विचारलं. "टेकाडावर, बेहड्यापाशी. उगवतीच्या अंगाला," ते म्हणाले. त्यानंतर तिला मूल झालं नाही. उन्हाळा लागला की ती रोज बेहड्याच्या झाडाकडे पाण्याचा गुंड, म्हणजे कळशी, घेऊन जायची आणि उगवतीच्या अंगाला ओतून यायची. जमीन तापते म्हणायची. लोक तिला थोडी वेडी समजत. खरं सांगायचं तर मीही समजत होते.

"तुले याद आहे, ती पान्याले कशी भे?" ताई म्हणाली. "घाटावर धुनं धुवाले न्यावं, त दगडावर पाय वर घेऊन बसे. एक शिंतोडा उडला का माह्या गळ्यात हात टाके. 'माय, पानी नोको. माय, पानी नोको.' आता तिच्यावर एवढं पानी चढन, आनं मी तिकडे नळाखाली गुंड भरू?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मंग तिले सोबत घेऊन चल नं."

ताईने मान वर केली.

मी धावत टेकाडाच्या पायथ्याशी जीपकडे गेले. साहेब जीपमध्ये बसतच होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"देव हलवला," ते म्हणाले, "मग लेकरू का नाही हलवायचं? उद्या सकाळी काढू. नव्या गावठाणात जागा मी दाखवतो. नवं मडकं, पांढरं कापड, जे काही लागतं ते सांगा. भजन पाहिजे असेल तर भजन." मग हळूच म्हणाले, "हे आधीच कोणीतरी विचारायला हवं होतं. सगळ्यांनाच."

मी परत जाऊन ताईला सांगितलं. तिला आधी खरंच वाटेना. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. आणि मग ती उठली. कोपऱ्यातली भांडी ओढली, गोधड्या काढल्या, दोरी शोधू लागली. मध्येच थांबून मला म्हणाली, "जेवली का तू? थांब, भात टाकतो." कित्येक दिवसांत तिने चूल नीट पेटवली नव्हती. भात शिजेपर्यंत ती बोलतच होती. नव्या गावठाणात जागा कुठे असेल, झाड आहे का जवळ, नसलं तर लावता येईल. "नेमकी जागा तुह्या भाऊजीलेच ठाऊक," ती म्हणाली. "तू जा आनं त्याइले घेऊन ये. मने, कौतिका निंगाले तयार हाये."

साहेबांनी जीप दिली. मी नव्या गावठाणात पोचले तेव्हा उन्हं कलली नव्हती. सरळ रेषेत आखलेली घरं, मध्ये मुरमाचा रस्ता, सावलीला एक झाड नाही. भाऊजी नव्या भिंतीला चुना लावत होते. मी उतरले ती हसतच. सगळं एका दमात सांगून टाकलं. साहेब कसे भले, ताई कशी जेवली, कशी भांडी बांधते आहे.

भाऊजींचा हात भिंतीवरच राहिला. चुना मनगटावरून कोपराकडे ओघळत गेला, त्यांनी पुसला नाही.

"तुले हे कराले कोनं सांगतलं?"

"म्हंजे? भाऊजी, ती निंगाले तयार झाली."

ते घरामागे गेले. मी मागोमाग गेले. विटांच्या ढिगाला हात टेकून ते उभे होते. मी पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला.

"तठी काई नाई, इंदू."

"कोठी?"

"बेहड्याखाली. तठी लेकरू नाई."



"त्या दिवशी सारं टेकाड पान्यानं फुगलं होतं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "कुदळ मारली का खड्ड्यात पानी भरे. जागा बदलली, तठीही पानी. पुन्हा बदलली. वरवर ठेवावं, त कोल्हे होते, दिसून रायले होते मले. पान्याच्या खड्ड्यात लेकरू कसं ठेवू? अंधारून आलं. खांद्यावर ती जड झाली होती. मंग मी नदीवर गेलो आनं सोडलं तिले." त्यांनी नाक पुसलं. "घरी आलो, त कौतिका दारात. तिनं इचारलं, कोठी ठेवलं. मी मनलं बेहड्यापाशी. मले वाटलं, आज एवढं मनतो, मंग सांगीन. दुसऱ्या दिवशी ती झाडाकडे पाहून बसली. मंग पानी टाकाले जाऊ लागली. तो शब्द मले मांगं घेताच आला नाई."

"आनं तिले पान्याची भीती."

"मले ठाऊक नाई का?" ते एकदम ओरडले. मग आवाज खाली आला. "बापच होतो मी तिचा."

आम्ही दोघं विटांवर बसून राहिलो. परवा पोलीस. ताईला खरं सांगावं तर ती तिथून उठेल का, की तिथेच काही करून घेईल? सांगू नये तर ती बांधलेली भांडी घेऊन आमची वाट बघत बसलेली. शेवटी मीच बोलले.

"भाऊजी, इतक्या वर्षांनी एवढ्याशा लेकराचं उरते काय? मातीच नं? तुमी चाला. ती पानी टाकते तठी खोदा. माती मडक्यात भरू आनं घेऊन येऊ."

"आनं तिले कळलं त?"

"मातीत का कळते?"

भाऊजी उठले आणि त्यांनी हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेकाडावर जमलो. साहेब होते, दोन मजूर होते, खाली रस्त्यावर ट्रक उभा होता. त्यात ताईचं सगळं घर कधीच चढवून झालं होतं. उरकुडाजी तुणतुणं घेऊन आपणहून आले होते. ताई नाहून, धुवट लुगडं नेसून आली. साहेबांनी आणलेलं पांढरं कापड तिने परत केलं. कमरेला खोचलेलं पिवळं झबलं काढलं. "हे तिचं हाये. याच्यात गुंडाळू."

टेकाडाच्या पायथ्याशी पाणी येऊन टेकलं होतं. काल जिथे जीप उभी होती, ती जागा आता दिसत नव्हती.

मजुराने कुदळ उचलली, तशी ताई म्हणाली, "तुमी नोको जी. त्याइच्या हातानं ठेवली, त्याइच्याच हातानं निंगू द्या."

भाऊजींनी कुदळ घेतली. बेहड्याच्या उगवतीला, जिथे वर्षानुवर्षं पाणी पडून माती काळी आणि भुसभुशीत झाली होती, तिथे पहिला घाव घातला. उरकुडाजी हलक्या आवाजात भजन म्हणू लागले. गुडघाभर खोदून झाल्यावर ताई खड्ड्यात उतरली.

"आता कुदळ नोको. तिले लागन."

तिने हातांनी माती काढायला सुरुवात केली. एकेक मूठ वर आणायची, बोटांत चोळायची, मग बाजूला टाकायची. मी मडकं घेऊन काठावर बसले होते. "ताई, हेच असन. भरू का?" मी म्हटलं.

"थांब. घुंगरू सापडू दे."

"कोनतं घुंगरू?"

"कमरेच्या करगोट्यातलं. चांदीचं. मायनं बारशाले घातलं होतं. ते माह्यानं निंगालं नाई त्या दिवशी, दोऱ्याले गाठ बसली होती." ती माती चोळतच होती. "चांदी त सडत नाई नं."

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. घुंगराचं ना त्यांच्या ध्यानात होतं, ना मला ठाऊक होतं.

ती आणखी खाली गेली. माती आता ओली लागत होती. मग चिखल. आणि मग तिच्या टाचांभोवती खालून पाणी झिरपायला लागलं. टेकाडाच्या पोटातून येत होतं ते, नुसतं वर वर येत होतं.

"पानी!" ताई किंचाळली. "इंदू, पानी आलं! उपस! अवो उपस, तिले भेव वाटन!"

ती ओंजळीने पाणी बाहेर फेकू लागली. मी मडकं टाकून खड्ड्यात उडी घेतली आणि उपसायला लागले. मला ठाऊक होतं त्या खड्ड्यात काही नाही, आणि तरी मी जिवाच्या आकांताने उपसत होते, कारण तिला थांबवायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं. साहेबांनी मजुराच्या हातातलं घमेलं ओढून घेतलं आणि गुडघे टेकून तेही उपसू लागले. चिखल त्यांच्या तोंडावर उडत होता. भजन थांबलं होतं. जेवढं पाणी बाहेर जाई तेवढं आत येई. ताईची नखं फाटली होती, बोटांतून रक्त येत होतं, आणि ती त्या गढूळ पाण्यात चाचपडत होती, "कोठी गेली गं, कोठी गेली माय, अठीच त होती."

"नोको उपसू, कौतिका."

भाऊजी खड्ड्याच्या काठावर उभे होते.

"ती अठी नाई."

ताईने ऐकलं नसावं. तिचा हात पाण्यातच फिरत होता. ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. "ती अठी कधीच नव्हती. खड्ड्यात पानी भरलं, ठेवता नाई आली मले. नदीत सोडली मी तिले. तुह्याजवळ लबाडी केली."

साहेबांच्या हातातलं घमेलं खाली गेलं.

ताई खड्ड्यात उभी राहिली. मांडीपर्यंत चिखल, लुगडं काळं झालेलं. ती रडली नाही, शिवी दिली नाही. तिने फक्त विचारलं, "कोठी?"

भाऊजींनी हात लांब केला. पण बोट एका जागी ठरेना. समोर सगळीकडे एकच सपाट पाणी होतं, उन्हात चकाकणारं. नदी कुठून कुठे जात होती, घाट कुठे होता, दगड कुठे होते, काही ओळखू येत नव्हतं. बोट थोडं डावीकडे गेलं, पुन्हा उजवीकडे आलं.

"तठी कोठी तरी," ते म्हणाले. "आता नाई सांगता येत."

ताई खड्ड्यातून बाहेर आली आणि उतारावरून चालू लागली. मला वाटलं, ट्रककडे निघाली. ती सरळ पाण्याकडे गेली. घोट्यापर्यंत गेली, गुडघ्यापर्यंत गेली, बुडालेल्या धानाच्या लोंब्या बाजूला सारत चालतच राहिली. मी ओरडत मागे धावले. कमरेएवढ्या पाण्यात मी तिला पाठीमागून कवळलं. तिने मला कोपराने असं मारलं की माझा श्वास अडला. "सोड! एवढी वर्सं ती पान्यात हाये, आनं मी झाडाले पाजत बसली! सोड मले!" आमच्या दोघींचे पाय चिखलात रुतत होते. बुटांसकट पाण्यात शिरलेले साहेब आले, भाऊजी आले, आणि तिघांनी मिळून तिला ओढत काठावर आणलं. शेवटी तेच झालं जे साहेबांना बघायचं नव्हतं, आणि ओढणाऱ्यांत एक हात त्यांचाच होता. काठावर आल्यावर ते पाठ वळवून उभे राहिले.

तिला ट्रकमध्ये, तिच्याच भांड्यांच्या आणि गोधड्यांच्या मधोमध बसवलं. मी एका बाजूला, भाऊजी दुसऱ्या बाजूला, पण हातभर लांब. उरकुडाजी ड्रायव्हरजवळ बसले. ट्रक सुरू झाला. सावरटोल्यात आता कोणीच नव्हतं.

ताई बराच वेळ समोरच्या गुंडाकडे बघत होती. टेकाडाचं वळण मागे पडल्यावर तिने तोंड उघडलं. नवऱ्याकडे न बघता.

"अंगावर का होतं तिच्या?"

भाऊजी दचकले. "माहा सदरा. गुंडाळला होता."

"कोनता?"

"चौकटीचा. निळा."

"पुरात गेला मनलं होतं तुमी."

"हो."

ट्रक खड्ड्यातून गेला, भांडी खडखडली. मला वाटलं, तिचं विचारणं संपलं.

"काठावरूनच टाकली?"

"नाई वो. टाकली नाई. आत गेलो मी. छातीपर्यंत."

"तुमाले त पोहता येत नाई."

"नाई येत."

"डोकं कोठी होतं तिचं?"

"माह्या खांद्यावर. सोडेपर्यंत खांद्यावरच होतं."

"तोंडात पानी गेलं?"

"मी हात धरला होता. तोंडावर. शेवटपर्यंत."

ताईने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात तिने ओढून घेतला. चिखल सुकून पांढरा झाला होता त्यावर. तिने तो उलटा केला, सुलटा केला.

"हाच?"

"हाच."

"काई बोलले तिच्यासंगं?"

त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. "मनलं, भेऊ नोको. बाबा धरून हाये."

ताईने तो हात आपल्या तोंडावर ठेवला, घट्ट दाबला, आणि त्या हाताच्या आत ती रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. भाऊजी सरकून जवळ आले.

मी दोघांकडे पाठ करून बसले. नवं गावठाण येईपर्यंत ती एकेक विचारत होती आणि ते एकेक सांगत होते.